मांडवकर सरांचं चुकलेलं प्रकरण

दत्तात्रेय मांडवकर सरांचा पहिला तास मला चांगला आठवतो. २००६ साल, रत्नागिरीतलं आमचं कॉलेज, पहिलं वर्ष, विषय इतिहास. आम्ही सनावळ्या उतरवून घ्यायच्या तयारीने वह्या उघडून बसलो होतो. सरांनी हजेरी घेतली, खडू डबीत परत ठेवला आणि म्हणाले, "येत्या सोमवारी प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं. घरातलं एक माणूस निवडा. ते काय काम करतं आणि कसं करतं, तेवढंच लिहा. कौतुक नको, माहिती हवी."

माझे बाबा रिक्षा चालवतात. मी पानभर लिहिलं की माझे बाबा फार कष्टाळू आहेत, उन्हापावसाची पर्वा करत नाहीत वगैरे. पान परत आलं तेव्हा खाली तांबड्या शाईत लिहिलं होतं, 'कष्टाळू आहेत हे समजलं. स्टँडवर नंबर कोण लावतं? कुणी मधेच घुसलं तर काय करतात? गिऱ्हाईक नसताना काय बोलतात?'

मी ते बाबांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांची रिक्षा कॉलेजच्या फाटकापाशी आणि बाबा थेट स्टाफरूममध्ये. "ते नंबराचं विचारलंत ना, ते मीच सांगतो. दीपालीला नाय कळायचं." दीड तास बाबा बोलत होते आणि सर लिहून घेत होते. मी बाहेर जिन्यावर लाजेने मरायला टेकले होते. बाबा अजून सांगतात, "आख्ख्या आयुष्यात स्टँडबद्दल मला दोघांनीच विचारलं. एक पोलिसाने आणि एक तुझ्या सरांनी."

सरांकडे अशी पानं दोन कपाटं भरून होती. कामाला जाणाऱ्या साध्या माणसांचा आणि त्यांच्या संघटनांचा इतिहास हा त्यांचा विषय. एसटीचे मेकॅनिक, मिरकरवाड्याच्या जेटीवर बर्फ फोडणारे, आंब्याची खोकी ठोकणारे, नगरपालिकेचे सफाई कामगार. आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत जास्त, लांजाकडच्या काजू कारखान्यातल्या बायका.

सरही मूळचे तिकडचेच. लांजा तालुक्यात त्यांचं गाव, वडील मुंबईला गिरणीत, आई आणि आजी इकडे भातशेतीत. घरात पहिला शिकलेला मुलगा हाच. १९८४ साली कॉलेजात लागले तेव्हा त्यांनी पीएच. डी.साठी कोकणातल्या कामगारांचा विषय मागितला. ज्या ज्येष्ठ प्राध्यापकांच्या हाताखाली करायचं होतं त्यांनी चष्मा काढून विचारलं, "मांडवकर, कोकणात कामगार कुठला आला? तो सगळा मुंबईत."

"मुंबईत बाप्ये गेले सर," मांडवकर म्हणाले, "पण इथल्या कारखान्यात कोण काम करतं मग?"

विषय काही मिळाला नाही. त्या प्राध्यापकांनी किल्ल्यांवर करायला सांगितलं. सरांनी किल्ल्यांवर केलं नाही आणि पीएच. डी.ही केली नाही. मागून आलेले पुढे गेले, विभागप्रमुख झाले. सर शेवटपर्यंत अधिव्याख्याताच राहिले आणि दर रविवारी सकाळी स्कूटरच्या डिकीत टेपरेकॉर्डर आणि पाण्याची बाटली टाकून लांजाकडे जात राहिले.

त्यांच्या गावाच्या शेजारच्या गावात, महामार्गापासून जरा आत, एक काजू कारखाना होता. आता नाही, २००१ साली बंद पडला. साठेक बायका तिथे काजू फोडायच्या, सोलायच्या. काजूच्या टरफलात चीक असतो, तो कातडीला लागला की भाजतं, बोटं काळी पडतात, सोलवटतात. त्यावर उपाय एकच, हाताला सतत तेल लावत राहायचं. १९८७ साली या बायकांनी सतरा दिवस संप केला होता. कोकणात बायकांनी केलेला संप, तोही सतरा दिवसांचा, आणि त्याची कुणी साधी बातमीही नीट छापली नव्हती. सरांना हे १९९१ साली कळलं आणि ते त्या संपाच्या मागेच लागले.

बायका पहिल्यांदा बोलेनात. रिकाम्या हाताने समोर बसलेल्या माणसाशी काय बोलायचं? मग सर त्यांच्याबरोबर त्यांच्या पडवीत बसून घरच्या काजूंच्या गरावरची साल काढायला लागले. सरांच्या हातून दर दुसरा गर तुटायचा. त्यांच्यातली सगुणा वाघधरे ही मोठी तोंडाळ बाई, ती म्हणायची, "दत्ता, तू आमच्या कारखान्यात असतास तर तुला पयल्याच दिवशी घरी धाडलान असता." ही त्यांची थट्टा पंचवीस वर्षं चालली. सरांना ती इतकी आवडायची की आमच्या वर्गातही सांगायचे.

हळूहळू संपाची हकिकत जमली. युनियनचे पुढारी म्हणजे आप्पा, रत्नागिरीचे एक निवृत्त कारकून. ते तेव्हा हयात होते. मागण्यांचं निवेदन त्यांनीच लिहिलेलं. त्यांच्याकडून त्याची प्रत मिळाली, कामगार कार्यालयातून दुसरी मिळाली. दोन्हीत पहिली मागणी तीच: हाताला लावायला कारखान्याने खोबरेल द्यावं. दुसरी साबणाची, तिसरी पिण्याच्या पाण्याची. अठराव्या दिवशी मालकाने तेल आणि साबण मान्य केला आणि बायका कामावर गेल्या. सरांनी बायकांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. कागद आणि तोंडची गोष्ट जुळली.

२००९ साली पुस्तक झालं. नाव 'तेलाचा संप'. मी तेव्हा नुकतीच बी. ए. होऊन एका छापखान्यात टाइपिंगला लागले होते, त्यामुळे ते पुस्तक माझ्याच हाताखालून गेलं. पाचवं प्रकरण संपाचं होतं आणि ते फार सुंदर लिहिलेलं होतं. वाटीभर तेलासाठी साठ बायका सतरा दिवस फाटकासमोर बसून राहतात, हे वाचून पुण्या-मुंबईचे अभ्यासक हलले. सरांना परिषदांची बोलावणी यायला लागली. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना पहिल्यांदा कुणीतरी इतिहासकार म्हटलं. ते पत्र त्यांनी छापखान्यात आणून मला दाखवलं होतं, आणि मी वाचत असताना खिडकीबाहेर बघत उभे होते.

मग २०१६ साल आलं. संपाला तीस वर्षं होत आली म्हणून गावातल्या बचत गटाने डिसेंबरात छोटासा कार्यक्रम ठेवला. जुन्या कामगार बायकांना साडी, सरांना शाल. सरांबरोबर या वेळी उमाकाकूही गेल्या. काकू म्हणजे सरांची बायको. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. रविवार त्यांचा एकुलता एक सुट्टीचा दिवस, त्यामुळे इतक्या वर्षांत त्या सरांबरोबर एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, म्हणाल्या, "चला, मीही बघते तुमचं दुसरं घर."

कार्यक्रम झाला. बाप्ये बाहेर मांडवात चहा घेत बसले आणि बायका काकूंना ओटी भरायला म्हणून आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे काकूंनी सगुणाबाईंचा हात हातात घेतला. बोटांची टोकं अजून काळपट, कातडी चामड्यासारखी. काकू म्हणाल्या, "या हातांसाठीच तुम्ही सतरा दिवस बसलात ना?"

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. सगुणाबाई म्हणाल्या, "वैनी, तेलासाठी कोण सतरा दीस बसतंय? तेल आमी घरूनच नेत होतू की."

आणि मग हसणं थांबलं. कारण काकूंनी साधाच पुढचा प्रश्न विचारला, "मग कशासाठी?"

हे सगळं काकूंनी मला नंतर सांगितलं, ते असं. कारखान्यातून सुटताना रोज फाटकावर झडती व्हायची, कुणी गर चोरून नेत नाही ना म्हणून. आधी ती पदर झटकून दाखवण्यापुरती होती. १९८७ च्या सुरुवातीला नवा रखवालदार आला आणि झडतीच्या नावाखाली तो बायकांच्या अंगाला हात लावायला लागला. बायका खाली मान घालून जायच्या. मग एके दिवशी सखू नावाची मुलगी, एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेली, फाटकातून रडत बाहेर आली आणि घरापर्यंत रडत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासकट साठही बायका आत गेल्याच नाहीत.

पण हे सांगायचं कुणाला? घोव मुंबईला. त्यांना कळलं असतं तर प्रत्येकीला घरी बसवलं असतं. सखूचं लग्न मोडलं असतं. आणि आप्पा कितीही भले असले तरी बाप्या माणूस. म्हणून बायकांनी ग्रामदेवीच्या देवळात बसून ठरवलं की बाहेर तेलाचं सांगायचं. सगळ्यांत वयस्क गोदूबाई, ती मालकाच्या आईला एकटी जाऊन भेटली आणि खरं काय ते तिला सांगून आली. अठराव्या दिवशी तेल मिळालं, साबण मिळाला आणि फाटकावरचा रखवालदार जाऊन तिथे एक बाई आली.

"सरांना का नाही सांगितलंत इतकी वर्षं?" काकूंनी विचारलं.

गोदूबाई म्हणाल्या, "दत्ता आमचाच. शेजारच्या गावचा. परका असता तर एकवेळ सांगितलं असतं."

काकूंनी येताना एसटीत सरांना सांगितलं. पालीचा थांबा गेला होता. सरांच्या मांडीवर ती शाल होती. काकू म्हणतात, "रत्नागिरी येईपर्यंत त्या शालीची घडी घालत, उलगडत राहिले. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, उमा, मी रखवालदार बाईचं लिहिलंय. तळटीप आहे."

खरंच होती. मीच टाइप केलेली. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी बारीक अक्षरात: 'याच महिन्यात कारखान्याच्या फाटकावर एका स्त्रीची रखवालदार म्हणून नेमणूक झाली.' सरांनी ती माहिती कुठल्याशा हजेरीपटात पाहिली होती, प्रामाणिकपणे नोंदवली होती, आणि तशीच ओलांडून पुढे गेले होते.

आठवडाभराने मला काकूंचा फोन आला. "दीपाली, येऊन जा गं. हे जेवतायत, झोपतायत, पण बोलत नाहीयेत." मी सुट्टी काढून गेले. सर जुनी टेप ऐकत बसले होते. त्यांनी काही न सांगता ती थोडी मागे नेली आणि पुन्हा लावली. १९९१ सालची खरखर, मागे टरफलं पडल्याचा आवाज, आणि सगुणाबाईंचा तरुण आवाज. "फाटकावर तो मेला जो व्हता ना, तो..." आणि लगेच सरांचा आवाज, उत्साहाने भरलेला, "ते आपण नंतर घेऊ. आधी तेलाचं सांगा, तेलाची मागणी पहिली कुणी केली?"

सरांनी टेप बंद केली.

"ती सांगत होती," ते म्हणाले. "मी थांबवलं. नंतर म्हटलं आणि पंचवीस वर्षं नंतर आलंच नाही."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत नसतं म्हणून तर विचारायला जातात ना माणसं." एवढंच बोलून ते उठले आणि चहा करायला आत गेले. चहा त्यांनी फार वाईट केला होता, आम्ही तिघांनी तो निमूट प्यायला.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं गावात गेलो. सरांनी काकूंना आणि मला रेकॉर्डर चालवायला शिकवला होता. सगुणाबाईंच्या घरी दहा-बारा जणी जमल्या. सर पडवीत बाकावर बसून राहिले. आत आम्ही. मला अजून तो दिवस आठवतो, कारण ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले तो दार लोटलेल्या घराबाहेर तीन तास नुसता कोंबड्या बघत बसला होता. बायका बोलल्या. कधी एकदम, कधी एकमेकींना अडवत. एक-दोघी रडल्या, मग त्यांच्या रडण्यावर सगुणाबाईंनी असं काही म्हटलं की सगळ्या पुन्हा हसल्या.

शेवटी गोदूबाई म्हणाल्या, "दत्ताला आत बोलवा. आता तोंडावर सांगू दे मला."

सर आत आले, जमिनीवर बसले. गोदूबाईंनी त्यांना सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मालकाच्या आईला काय म्हटलं तेही. सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. मग म्हणाले, "गोदूआते, माझं चुकलं."

"तुजं नाय चुकलं. आमीच गंडवलं तुला." म्हातारी हसली. "झकास गंडवलं."

आता प्रश्न होता लिहायचं की नाही. बायका म्हणाल्या, आमचे घोव गेले, नाहीतर म्हातारे झाले, आम्हाला काही नाही, पण हे सखूचं आहे. सखूने ठरवायचं. सखू कोपऱ्यात बसली होती. आता ती पन्नाशीला आलेली. ज्याच्याशी ठरलं होतं त्या महिपतशीच तिचं लग्न झालं होतं. महिपत मुंबईला गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर गावी परतला. त्याला यातलं अक्षर माहीत नव्हतं.

"नको," सखू म्हणाली. "माज्या डोळ्यांदेखत नको."

सर म्हणाले, "मग नाही."

मला वाटलं सर थोडी समजूत घालतील. नाव बदलू, गावाचं नाव बदलू असं काहीतरी सुचवतील. त्यांनी काही सुचवलं नाही. परतीच्या वाटेवर मी विचारलं तर म्हणाले, "शेजारच्या चार गावांत तेव्हा सतरा दिवस संप केलेला कारखाना एकच आहे. नाव बदलून कोणाला फसवायचं?"

इकडे छापखान्याचे मालक मागे लागले होते. 'तेलाचा संप' संपलं होतं, मागणी होती, दुसरी आवृत्ती काढू म्हणत होते. सर नाही म्हणाले. खरं छापता येत नव्हतं आणि चुकीचं पुन्हा छापायचं नव्हतं. दोन ठिकाणची व्याख्यानं त्यांनी नाकारली. लोकांना वाटलं, म्हातारपणी ताठा आला.

२०१८ मध्ये सर निवृत्त झाले. कॉलेजच्या सभागृहात निरोप समारंभ होता, मी आणि बाबा दोघंही गेलो होतो. बाबा तर इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत. प्रत्येक वक्ता त्या पुस्तकावर बोलला. वाटीभर तेल, काळी बोटं, स्वाभिमान. शेवटी सर उभे राहिले. आभार मानले आणि मग म्हणाले, "सगळ्यांनी माझ्या पुस्तकाचा उल्लेख केला म्हणून एक सांगायला हवं. त्यातलं पाचवं प्रकरण चुकीचं आहे. तो संप तेलासाठी नव्हता. कशासाठी होता ते आता मला माहीत आहे, पण ते सांगायचा अधिकार माझा नाही. तेव्हा ज्यांच्याकडे पुस्तक असेल त्यांनी पाचव्या प्रकरणावर काट मारावी. माझं ऐकण्यात चूक झाली."

प्राचार्यांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. बाबा माझ्या कानात म्हणाले, "हे काय बोलले?" मी म्हटलं, "खरं बोलले."

त्या सभागृहात मागच्या बाकावर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बसली होती, नम्रता. सखूची धाकटी मुलगी. तिला आईच्या गोष्टीतलं काही माहीत नव्हतं, पण काजू कारखाना आईचा म्हणून तिने घरी जाऊन सहज सांगितलं, की सर भर सभेत असं असं म्हणाले आणि का ते सांगितलं नाही, पोरं मागून हसत होती.

पंधरा दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमारास, सरांच्या दारात सखू आणि महिपत उभे. हातात फणसाच्या गऱ्यांची पिशवी. मी तेव्हा तिथेच होते, सरांची कपाटं लावायला मदत करत होते. काकूंनी पाणी दिलं. सखू बसली पण पाणी तसंच हातात.

"सर, तुमी भर सभेत सोताला खोटं म्हणवून घेतलंत," ती म्हणाली, "पण माजं नाव नाय घेतलंत. पोर सांगत आली तवा मला ऱ्हावलं नाय. मी ह्यांना सांगितलं सगळं."

सरांनी महिपतकडे बघितलं. महिपत किडकिडीत माणूस, बोलायची सवय नसलेला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी दोन दीस काय बोललू नाय," तो म्हणाला. "तिला वाटलं रागावलू. राग नव्हता. मला आमचं गेट आठवत व्हतं."

"कुठलं गेट?"

"गिरणीचं. सुटलू की लाइन. हात वर. सुताचा तुकडा चोरलाय काय बगायला वाचमन अंगावरून हात फिरवायचा. कधी धोतर झटकायला लावायचा, सगळ्यांम्होरं. पंधरा वर्षं. गणपतीला गावी आलू का मुंबईच्या काय काय गजाली सांगायचू, पण ही नाय सांगितली कधी. आपली बायको काय म्हणेल." मग म्हणाला, "तिनं मला सांगितलं, मंग मी तिला सांगितलं. तिच्यावर जे झालं ते वायटच. माजं तेवढं नाय. पण तीस वर्षं दोघं एका ताटात जेवतू, आणि दोघं गप."

सखू त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता लिवा."

"नाव?" सरांनी विचारलं. "नाव नाही घातलं तरी चालेल."

"घाला. पण सासरचं नको. कारखान्यात मी बापाच्या नावावर व्हते. सखू बाबू रांबाडे." मग तिला एकदम काहीतरी वाटलं, तिने महिपतला विचारलं, "चालंल ना?"

"तुजं नाव हाय. मला काय इचारतेस?" महिपत म्हणाला. आणि मग जरा वेळाने, सरांना, "माजं पन घालता येल काय हो? त्या गेटाचं?"

सरांनी खुर्ची पुढे ओढली. त्या दिवशी महिपत बारा वाजेपर्यंत बोलला. सर लिहीत होते, मधे एकदाही बोलले नाहीत. महिपत अडखळला की हातातलं पेन खाली ठेवून वाट बघायचे. काकूंनी सगळ्यांसाठी भात टाकला.

दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली. सरांनी पहिलं पाचवं प्रकरण काढलं नाही. ते जसंच्या तसं ठेवलं, आणि त्यापुढे नवं प्रकरण जोडलं, बायकांच्या शब्दांत, त्याला नाव दिलं 'झडती'. त्याच्या आधी दीड पान सरांचं, आपण कुठे आणि कसे चुकलो त्याचं. त्यात टेपवरचं ते वाक्यही आहे, 'ते आपण नंतर घेऊ.' टाइप करताना मी म्हटलं होतं, सर, एवढं स्वतःविरुद्ध कशाला? ते म्हणाले, "पुढचा जो कोणी विचारायला जाईल त्याला उपयोगी पडेल." छापण्याआधी ते प्रकरण आम्ही गावात जाऊन वाचून दाखवलं. गोदूबाईंना ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून सर त्यांच्या कानाशी बसून मोठ्याने वाचत होते. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, मालकाच्या आईने त्यांना पाट दिला होता, हे राहिलंय. दुसरी, संपाच्या अकराव्या दिवशी सगुणा घरी पळाली होती ते घाला. सगुणाबाई भडकल्या, "वासरू आजारी व्हतं माजं!" दोन्ही घातल्या. वासराचंही घातलं.

परिषदांची बोलावणी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जास्त. एका ठिकाणी एका तरुण अभ्यासकाने विचारलं की मग सरकारी कागदांवर विश्वास ठेवायचा की नाही. सर म्हणाले, "ठेवायचा. फक्त तो कागद लिहिताना समोर कोण बसलं होतं ते बघायचं. आमच्या बायकांसमोर प्रत्येक वेळी बाप्या बसलेला होता. शेवटचा मी."

गोदूबाई २०२१ मध्ये गेल्या. सर आणि काकू बाराव्याला गेले होते.

आता सर सदुसष्ट वर्षांचे आहेत. सध्या त्यांच्या घरी काम चालू आहे ते मासळी निवडणाऱ्या आणि कोळंबी सोलणाऱ्या बायकांचं. पण या वेळी रेकॉर्डर घेऊन काकू जातात. आठवड्यातून दोनदा, सकाळी, रिक्षाने. बहुतेक वेळा माझ्याच बाबांच्या. घरी आल्यावर सर कानाला हेडफोन लावून ते उतरवून काढतात. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा दोघांचं चाललं होतं.

"उमा, इथे तू विचारायला हवं होतंस, की मुकादम नक्की काय म्हणाला."

"विचारलं."

"टेपवर उत्तर नाही."

"नाही दिलं तिने. मग मीही नाही खोदलं. तेच लिहा."

सरांनी हेडफोन काढला, थोडा विचार केला आणि वहीत लिहिलं. मी डोकावून बघितलं. 'इथे त्या गप्प राहिल्या. उमा थांबली.' मग त्यांनी मला सांगितलं की काकूंच्या टेपांमध्ये गप्प राहण्याच्या जागा त्यांच्या टेपांपेक्षा पुष्कळ जास्त आहेत, आणि आपण तरुणपणी प्रत्येक अशी जागा लगेच प्रश्नाने भरून टाकायचो. काकू आतून म्हणाल्या, "दीपाली, बांगड्याची आमटी केल्येय, जेवून जा. यांचं ऐकत बसलीस तर दोन वाजतील." मी जेवून गेले. दोन वाजलेच.